पेढेवाल्याची टिकली

मूल होत नाही म्हणून माझ्या दवाखान्यात जोडपी येतात, पण आत येते ती बायको. नवरा बाहेर गाडी लावायला जागा शोधत असतो. आताशा गाड्या आपली जागा आपणच शोधून आपणच लागतात, तरीही नवरे पार्किंगमध्येच. साताऱ्यात इतकी वर्षं हेच पाहून मला या जमातीचा राग येऊ लागला होता आणि तो मी लपवतही नव्हते. म्हणून धैर्यशील खुटाळे पहिल्या दिवशी बायकोच्या आधी आत आला, तेव्हा मी जराशी गडबडलेच.

आला म्हणजे, दारातच थांबला. दाराची एकच फळी उघडी होती. त्याने शांतपणे दुसऱ्या फळीची कडी काढली, आत शिरला, माझ्यासमोरच्या खुर्चीचे दोन्ही हात नजरेने मापले आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला. बाक कुरकुरला. त्याच्या मागून हर्षदा आली, काटकुळी, तरतरीत, काखेत रिपोर्टांची जाडजूड फाइल धरून.

"आधी तोंड गोड करा मॅडम," म्हणत त्याने पुडा पुढे केला.

राजवाड्याजवळचं खुटाळ्यांचं दुकान साताऱ्यात कुणाला दाखवावं लागत नाही. बाकीच्यांच्या कढया आता यंत्रं ढवळतात. खुटाळे अजून भट्टीपुढे बसून हाताने खवा परततात आणि त्यांच्या कंदी पेढ्याचा तो खरपूस वास चौकाच्या पलीकडे येतो. त्या घरात एक रीत होती. बाळ झालं म्हणून कुणी पेढे न्यायला आलं, की पुड्यात सगळ्यात वर एक जास्तीचा पेढा बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळून ठेवायचा. तो बाळाचा. बाळाला दात नसतात म्हणून तो बाळंतिणीने खायचा. अर्ध्या साताऱ्याच्या बाळांचे पेढे धैर्यशीलने स्वतःच्या हाताने गुंडाळले होते. त्याच्या घरात मात्र लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता.

मी फाइल चाळली. हर्षदाच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, दुर्बिणीतून केलेली तपासणी, पुण्यात झालेले दोन टेस्ट-ट्यूबचे प्रयत्न, दोन्ही वाया गेलेले. एवढ्या कागदांत नवऱ्याचा कागद एक. त्यावर लिहिलं होतं, 'संख्या थोडी कमी, चालेल.' चालेल! दुधाची पिशवी असल्यासारखं.

"तुम्हाला टिकली लावू या," मी धैर्यशीलला म्हणाले.

टिकली येऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. कंपनीने तिला भलंमोठं नाव दिलं होतं, ते कुणी घेत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला चिकटवायची, खरोखरच टिकलीएवढी चकती. ती घामातली साखर आणि संप्रेरकं मोजते, त्या भागाचं तापमान मोजते आणि पुढे येणारं बीज कसं असेल याचा अंदाज फोनवर रंगात दाखवते. लाल, पिवळा, हिरवा. तिने समाजात काय उलथापालथ केली होती ते काय सांगू! पूर्वी पाळणा हलला नाही की बोट सुनेकडे. आता वधूवर मंडळात मुलीकडचे लोक चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारत, "मुलाची टिकली कशी आहे?" मुलांच्या आया फणकाऱ्याने उठून जात. मला मनापासून गंमत वाटे.

आठवड्याने धैर्यशीलचा रंग आला. लाल. नमुना तपासला, तर तोही तेच सांगत होता.

मी दोघांना समोर बसवून समजावलं. पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नसतो, तोही एक अवयवच. चरबीच्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते पुरुषाच्या संप्रेरकाचं स्त्रीच्या संप्रेरकात रूपांतर करतं. चरबी जितकी जास्त, तितका हा उद्योग जोरात. मेंदूला वाटतं, सगळं भरपूर आहे, आणि तो बीजनिर्मितीचे हुकूम कमी करतो. शिवाय निसर्गाने ते कारखाने शरीराबाहेर टांगले आहेत, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. मांड्या आणि पोट त्यांच्यावर पांघरूण घालून बसले, की थंडावा जातो. मग बीज कमी तयार होतं, जे होतं ते नीट पोहत नाही आणि त्याच्यातले आनुवंशिक धागे तुटके निघतात.

"आणखी एक गोष्ट," मी म्हणाले. "बापाच्या खाण्यापिण्याच्या काही खुणा बीजावर उमटतात. त्या मुलात किती उतरतात यावर अजून वाद आहे. पण उतरत असाव्यात, असं मानायला जागा आहे."

धैर्यशीलने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. त्याचे वडील भट्टीसमोरच गेले होते. मधुमेह, मग हृदय. अंगाने याच्याहून थोराड.

"बाबांनी मला दुकान दिलं," तो म्हणाला. "ह्येबी दिलं. ते पुढं द्यायचं न्हाई मला."

"त्याला उपाय आहे. धुलाई."

धुलाई हा आमच्या धंद्यातला शब्द. प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू निवडतात, त्याच्यावरच्या नको त्या खुणा पुसतात, तुटलेले धागे सांधतात आणि तो बीजांडात सोडतात. यश चांगलं मिळतं. खरं सांगते, त्या दिवशी मी त्यांना तेच सुचवणार होते.

"ह्यात माझं काम काय?" धैर्यशीलने विचारलं.

"एक नमुना द्यायचा. झालं."

"आन् हिचं?"

मी सांगितलं. रोज पोटात सुया, फुगलेले बीजकोश, भूल देऊन बीजांडं काढायची, मग पुन्हा औषधं. हर्षदा खिडकीबाहेर बघत होती. तिला हे तोंडपाठ होतं. दुसऱ्या वेळी पोटात पाणी भरून ती आठवडाभर दवाखान्यात पडून होती, ते फाइलमध्ये दिसत होतं.

"म्हंजे बिघाड माझा, आन् सुया हिला?"

हा प्रश्न कुणा पुरुषाने विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती! माझ्या सगळ्या शास्त्राची रचनाच तशी आहे. दोष कुणाचाही असो, शरीर बाईचं वापरायचं.

"दुसरा काय मार्ग हाय का?" त्याने विचारलं.

"आहे. लांबचा आणि कंटाळवाणा. वजन उतरवायचं, चालायचं, झोपायचं, नीट खायचं. पुरुषाचं बीज एकदाच तयार होऊन पडून राहत नाही. अडीच महिन्यांत सगळं नवं तयार होतं. आज केलेलं अडीच महिन्यांनी दिसतं."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे दर अडीच महिन्याला नवी कढई चढती! पहिली करपली तर करपली."

"मला कुणी विचारणार आहे का?" हर्षदा एकदम म्हणाली. "सुयांना मी घाबरत नाही, मॅडम. वेळ जातोय त्याला घाबरते. माझी छत्तिशी उलटली. यांची कढई दर अडीच महिन्यांनी नवी. माझं तसं आहे का?"

तसं नव्हतं. बाईची बीजांडं जन्मतःच मोजकी मिळतात आणि हर्षदाची झपाट्याने संपत होती. तेही रिपोर्टात होतं.

धैर्यशीलने मान खाली घातली. हर्षदाने माझ्यापुढची फाइल ओढून मिटली.

"गुढीपाडव्यापर्यंत," ती म्हणाली. "तोवर तुम्ही करा काय करायचं ते. पाडव्यानंतर मी म्हणेन तसं."

नवरात्र नुकतं बसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून धैर्यशील अजिंक्यताऱ्यावर चढायला लागला. किल्ल्यावर रोपवे झाल्यापासून पायवाट ओस पडली आहे. हा एकटा त्या वाटेने, झाडाला धरत, दगडावर बसत. वरून रोपवेच्या पाळण्यातून ओळखीचे लोक ओरडत, "ओ पेढे, वर या!" तो खालून हात हलवी. पहिला महिना तो निम्म्यातूनच परत येत होता. हे मला त्याने सांगितलं नाही, टिकलीने सांगितलं. तिचे आकडे त्याच्या परवानगीने माझ्या फोनवर यायचे. सकाळी चहा पिताना ते बघायची मला सवयच लागली.

मग एके दिवशी त्याची आई आली. शालनताई खुटाळे, अंगावर जरीकाठी साडी आणि हातात स्टीलचा डबा.

"डॉक्टरीणबाई, पोराला उपाशी मारताय तुमी. ताकद न्हाई तर बी कुठनं धरायचं?" डबा उघडला. डिंकाचे लाडू, खारीक, बदाम, त्यात अश्वगंधा आणि मुसळी, वरून तूप ओघळत होतं. "सगळं झाडपाल्याचं हाय. तुमच्या गोळीसारखं न्हाई."

"शालनताई, अश्वगंधेनं थोडा फायदा होतो असं काही लहान प्रयोगांत दिसलंय. खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. द्यायचीच तर मी सांगेन तेवढी, दुधाबरोबर, रक्त तपासून. पण तुम्ही चिमूटभर अश्वगंधेला वाटीभर तूप आणि गुळाची गाडी जोडलीय."

"नुसती अश्वगंधा कडू लागती की वो त्येला!"

मला हसू आवरेना. एकोणचाळीस वर्षांचा मुलगा. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हसू गिळलं. बाई म्हणाली, "त्येचा बाप असाच गेला. मी जलमभर वाढतच ऱ्हायले त्येला." मग डबा माझ्याच टेबलावर ठेवून निघून गेली. लाडू उत्तम होते.

संक्रांतीपर्यंत धैर्यशीलचं वजन चांगलं उतरलं. सदरे ढगळ झाले, पट्ट्याला नवी भोकं पडली, तो किल्ल्याच्या दरवाजापर्यंत न थांबता जाऊ लागला. नवी कढई उतरायची वेळ झाली. मी मोठ्या आशेने रंग पाहिला. लाल.

आकडे उलगडून बघितले तर साखर दिवसातून कितीतरी वेळा उसळत होती आणि सगळी उसळी दुकानाच्या वेळेतली. मी चिडले. फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. "चोरून गोड खायचं होतं तर हे सोंग कशाला?"

"मॅडम, आईची शपथ," तो दुखावून म्हणाला. "मी गोड खातच न्हाई. लहानपणापासनं न्हाई. पेढ्याच्या धंद्यातला माणूस गोड खात असतोय व्हय? वास येऊनच पोट भरतं."

तो खोटं बोलत नव्हता हे आवाजावरून कळत होतं. टिकलीही खोटं बोलत नव्हती. म्हणून दुपारी मी सरळ दुकानात जाऊन आतल्या बाकावर बसले.

तो भट्टीपुढच्या चौरंगावर मांडी घालून बसला होता. कढईत खवा तांबूस होत आला होता. मोठ्या उलथण्याने तो सारखा परतत होता, कडेचा मध्ये, मधला कडेला. माझ्याशी पिकपाण्याच्या, रोपवेच्या गप्पा चालू. बोलता बोलता त्याने उलथण्याच्या टोकावरून सुपारीएवढा खवा उचलला, तळहातावर फुंकला आणि तोंडात टाकला. डोळे क्षणभर मिटले. मग मूठभर साखर घातली, परतलं, पुन्हा सुपारीएवढा गोळा, पुन्हा डोळे मिटले.

थोड्या वेळाने मी फोन त्याच्यापुढे धरला. रेघ वर चढत होती.

"काय खाल्लंत?"

"कुठं काय?"

"आत्ता. माझ्यासमोर. दोनदा."

त्याला खरंच आठवेना. मग त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "ती? ती चव हो, मॅडम! चव बघितली. खाल्लं कुठं?"

"दिवसाला किती कढया काढता?"

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. मी त्याच्या चेहऱ्यावर तो हिशेब होताना पाहिला. बापाच्या शेजारी बसून चव बघायला लागल्यापासून, रोज, प्रत्येक कढईला. एवढ्या आयुष्यात त्याने खाणं म्हणून पेढा तोंडात टाकलाच नव्हता आणि चव म्हणून टोपल्या रिचवल्या होत्या.

"बाबाबी असंच म्हणायचे," तो हळूच म्हणाला. "मी गोड खात न्हाई म्हणून."

तेवढ्यात बाहेर गल्ल्यापाशी गिऱ्हाईक आलं. एक जाडजूड बाई, नातू झाला म्हणून पेढे न्यायला. गल्ल्यावर हर्षदा होती. तिने पुडा बांधला, वर बटर पेपरमधला पेढा ठेवला. बाई पुडा घेता घेता म्हणाली, "आमच्या बाळाचा पेढा तू गुंडाळतीस, तुझ्या बाळाचा कधी गं गुंडाळायचा? काय दाखवलंस का कुणाला?"

हर्षदाचा चेहरा दगडासारखा झाला. तिने हे किती वेळा ऐकलं असेल!

धैर्यशील उठला. उलथणं हातातच. दुकानात पाच-सहा माणसं होती, शेजारचा कापडवाला होता. तो गल्ल्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काकी, तिला विचारू नका. तिच्यात काय बी न्हाई. दोष माझ्यात हाय. टिकली लाल हाय माझी. दुरुस्ती चालू हाय."

रस्त्यावरच्या पाटीसारखं त्याने ते सांगितलं. कापडवाल्याला ठसका लागला. ती बाई "अगं बाई" म्हणत सटकली. साताऱ्यासारख्या गावात, बापाच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून एखाद्या पुरुषाने हे बोलावं, याला काय काळीज लागतं ते मला विचारा. माझ्याकडे येणारे शिकलेसवरलेले लोक स्वतःच्या आईला सांगत नाहीत. मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की मी उठून टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या.

आणि मागे कढई करपली.

करपल्याचा वास आला तसे तिघंही धावलो. कढई उतरवताना मी त्या भट्टीजवळ प्रथमच वाकले आणि चेहऱ्यावर झळ बसली. फोनवर टिकलीचं तापमान बघितलं. दिवसभर चढं, रात्री उतरलेलं, पुन्हा दिवसभर चढं. मला आधीच दिसायला हवं होतं. मी चरबीचा विचार करत बसले होते आणि हा माणूस मांडी घालून निखाऱ्यासमोर बसत होता.

"धैर्यशीलराव, नुसती चव सोडून भागणार नाही," मी म्हणाले. "भट्टी सोडावी लागेल."

हे ऐकून मात्र तो खाली बसला. किल्ला चढणं, उपाशी राहणं, गावात बोलणं, सगळं त्याने केलं होतं. पण भट्टी म्हणजे तो स्वतः होता. यंत्र आणायचं तर खुटाळ्यांचा पेढा उरत नाही आणि भट्टीवर बसायला दुसरा माणूस नाही.

"मी बसते," हर्षदा म्हणाली.

"खुटाळ्यांच्या भट्टीवर बाई बसत न्हाई," आतून शालनताईंचा आवाज आला. त्या दाराआड उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या, गल्ल्यावरचंही.

शालनताई पुढे आल्या, करपलेल्या कढईत बोट घालून त्यांनी पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. "बाप्यानं बसून बगितलं," त्या म्हणाल्या. "बस गं तू."

पुढचे दिवस सोपे नव्हते. हर्षदाच्या पहिल्या कढया कधी चिकट, कधी भुकटी. जुनी गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करत. धैर्यशील गल्ल्यावर उभा राहून आतल्या उलथण्याचा आवाज ऐकायचा. आवाज बदलला की त्याचे हात वळवळायचे, पण तो आत जायचा नाही. हर्षदा चव बघून विचारायची, "साखर?" आणि तो बाहेरून वासावर सांगायचा, "अजून चिमूट." चव तिची, नाक त्याचं, असा तो पेढा हळूहळू जमत गेला. ती मात्र प्रत्येक चवीनंतर बोट धुवायची आणि किती वेळा चाखलं ते त्याला मुद्दाम मोठ्याने सांगायची. तो हसायचा. त्यांना असं एकमेकांशी हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पाडवा आला. सकाळी गुढी उभारून दोघं माझ्याकडे आली, मी दवाखाना बंद असताना उघडला. रंग पिवळा होता.

माझ्या दृष्टीने हा पराक्रम होता. पण मी डॉक्टर आहे. पिवळ्या रंगावर आपोआप दिवस राहण्याची शक्यता थोडी आणि हर्षदाची शिल्लक आणखी घटलेली. मी स्पष्ट सांगितलं, "आता धुलाई करा. आता बीज बरं आहे, यशही येईल. अजून थांबलात तर कदाचित धुलाईलाही बीजांड मिळणार नाही. मग मला काही करता येणार नाही."

धैर्यशीलने लगेच मान डोलावली. "ठरल्यापरमानं. ही म्हणंल तसं."

हर्षदा उठून खिडकीशी गेली. तिथून अजिंक्यतारा दिसतो.

"मॅडम, आज पहाटे मी यांच्याबरोबर वर गेले होते," ती म्हणाली. "मी धापा टाकत होते आणि हे माझ्याशी बोलत होते. सगळी वाट बोलत होते. लग्नात सप्तपदीला याच माणसाला दम लागला होता." ती वळली. "सुयांनी होणारं मूलही माझंच असेल, मला ठाऊक आहे. पण नऊ वर्षं मी एकटी मुलासाठी धडपडत होते. आता कुठं आम्ही दोघं करतोय. अजून एक कढई बघू."

"हर्षदा, वेडेपणा करतेस."

"असेल. पण या वेळी तो मी माझ्या मनानं करतेय."

मी रागावले. खूप बोलले. ती दोघं शांतपणे ऐकून गेली. त्यानंतर रोज सकाळी चहा घेताना मी फोन दोनदा उचलून दोनदा खाली ठेवायचे. चुकलं असतं, तर त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. सल्ला मी बरोबर दिला होता, तरीही.

जून संपता संपता एका सकाळी रंग बदलला. आधी मला वाटलं, चष्मा पुसायला हवा. पुसला. हिरवा. मी एकटीच स्वयंपाकघरात 'धैर्यशीलराव!' असं ओरडले. चहा उतू गेला.

गणपतीत हर्षदा आली. फाइल न घेता.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आठवड्यात मी दवाखान्यात बसले होते. बाहेर रांग होती. दाराची एकच फळी उघडी होती आणि धैर्यशील त्या एका फळीतून सरळ आत आला. काल रात्रभर तो प्रसूतीच्या खोलीबाहेर उभा होता, डोळे तांबडे होते. या वेळी तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. हातांच्या मध्ये, व्यवस्थित.

"मुलगी," तो म्हणाला, जणू ती मी स्वतः हातात धरली नव्हती. पुडा टेबलावर ठेवला.

"पेढे कुणी केले? हर्षदा तर तिकडे."

"आईनं. पहाटे एकटी भट्टीवर बसली. मला आत येऊ दिलं न्हाई. आन् म्हणाली, तू झालास तवाबी मला एवढा आनंद झाला न्हवता."

मी पुडा उघडला. सगळ्यात वर बटर पेपरमध्ये गुंडाळलेला तो वेगळा पेढा होता.

"हा बाळाचा. हा हर्षदाला द्यायचा ना? इकडे कसा आला?"

धैर्यशील ओशाळून हसला. "तिनंच दिला परत. म्हणाली, या खेपेला निम्मं बाळंतपण तुमचं. तुम्हीच खावा. डॉक्टरांसमोर खावा, न्हाईतर त्या फोनवर बगून वरडतील."

"टिकली अजून काढली नाही?"

"राहू दे म्हटलं. मुलीचं लग्न होईपर्यंत जगायचंय."

त्याने बटर पेपर उलगडला. सव्वा वर्षात त्याने गोडाला जीभ लावली नव्हती. पेढा बोटांत धरून वास घेतला आणि सवयीने डोळे मिटले. मग उघडले. कडेची कपची मोडून जिभेवर ठेवायला गेलेला हात त्याने थांबवला.

"आज चव बघत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "आज खातो."

आणि माझ्यासमोर बसून, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत त्याने तो पेढा खाल्ला.